बापाने घराबाहेर काढलं, त्याच पोराच्या नियमाने कळतं होडी वाऱ्याविरुद्ध कशी जाते

मागून वारा आला की शिडाची होडी पुढे जाते, यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. पण वारा समोरच्या बाजूने येत असतानाही तीच होडी पुढे सरकते. ना इंजिन, ना वल्ही. हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर डॅनियल बर्नोलीकडे जावं लागतं. बारावीच्या फिजिक्समध्ये ज्याच्या नावाच्या तत्त्वाने तुम्हाला मार्क मिळवून दिले किंवा घालवले, तोच हा.

डॅनियलचा जन्म 8 फेब्रुवारी 1700 चा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरातला. घराणं मात्र स्वित्झर्लंडच्या बाझलचं आणि घरात गणितज्ञांची रांग. काका याकोब मोठा गणितज्ञ, वडील योहान यांचा तर अख्ख्या युरोपात दबदबा. 1714 साली योहान यांनी शिडाची जहाजं कशी हाकावीत याच्या गणितावर एक पुस्तकही लिहिलं होतं. म्हणजे वारा आणि शीड हा विषय पोराला घरातूनच मिळालेला.

तरी पोराने व्यापारी व्हावं असा बापाचा हट्ट. गंमत बघा, खुद्द योहान यांनाही त्यांच्या वडिलांनी धंद्यात ढकललं होतं आणि ते गणिताकडे सटकले होते. डॅनियल शेवटी डॉक्टरकी शिकला. 1721 मध्ये श्वसनावर प्रबंध लिहून मोकळा झाला, पण गणित सुटलं नाही. पॅरिसच्या अकादमीचं पहिलं बक्षीस त्याला 1725 मध्ये मिळालं ते समुद्राशी संबंधित प्रश्नावरच : हेलकावणाऱ्या जहाजावर वेळ मोजायचं घड्याळ नीट कसं चालेल?

त्याच वर्षी तो मोठ्या भावासोबत रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला. वर्षभरात भाऊ वारला. 1727 मध्ये मदतीला आला लिओनार्ड ऑयलर, जो पुढे गणितातला बाप माणूस ठरला. तिथे डॅनियल वाहत्या पाण्याच्या मागे लागला. पाणी वाहणाऱ्या नळीला भोक पाडायचं, त्यात काचेची उभी नळी बसवायची आणि पाणी किती वर चढतं ते बघायचं. जितकं वर चढेल तितका आतला दाब जास्त. यातून निघालं ते असं की पाण्याचा वेग वाढतो तिथे दाब कमी होतो.

1733 मध्ये तो बाझलला परतला आणि पुढच्याच वर्षी घरात भडका उडाला. ग्रहांच्या कक्षांवरच्या निबंधाला अकादमीने बाप-लेकात बक्षीस वाटून दिलं. दुसऱ्या घरात पेढे वाटले असते. इथे पोराला आपल्या बरोबरीने बसवलं म्हणून योहान खवळले आणि डॅनियलला घराचा दरवाजा बंद झाला.

डॅनियलचं ‘हायड्रोडायनॅमिका’ 1738 मध्ये छापून आलं. पहिल्या पानावर त्याने स्वतःची ओळख योहानचा मुलगा अशी करून दिली होती. काही उपयोग झाला नाही. काही वर्षांतच वडिलांनी त्याच विषयावर ‘हायड्रॉलिका’ काढलं आणि त्यावर साल टाकलं 1732, म्हणजे पोराच्या आधीचं. ही तारीख मागाहून चिकटवलेली, असंच इतिहासकार मानतात. आयुष्यभराची मेहनत लुटली गेल्याची तक्रार डॅनियलने ऑयलरला पत्रातून केली. 1748 मध्ये योहान वारले, तोवर समेट झाला नव्हता.

आता शिडाकडे या. वारा तिरपा आला की फुगलेल्या शिडाच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहते. बाहेरच्या फुगीर बाजूने ती वेगाने जाते, तिथे दाब कमी. आतल्या बाजूला वेग कमी, दाब जास्त. त्यामुळे शीड फुगीर बाजूकडे ओढलं जातं. ही ओढ बरीचशी आडवी असते, थोडीशीच पुढे. मग होडी आडवी का वाहून जात नाही? कारण तळाला पाण्यात उतरलेली उभी फळी असते, तिला कील म्हणतात. पाणी तिला आडवं सरकू देत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो सटकून पुढे उडतो ना, तसं वारा आणि पाण्याच्या कचाट्यात होडी पुढे सटकते.

अगदी नाकासमोरून वारा असेल तर मात्र शीड नुसतं फडफडतं. म्हणून वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून, कधी डावीकडे कधी उजवीकडे, नागमोडी जावं लागतं.

बर्नोलीच्या नावावर एक खोटी गोष्टही खपवली जाते : फुगीर बाजूची हवा लांबच्या रस्त्याने जाते आणि दुसरीला वेळेत गाठायला म्हणून पळते. शीड तर पातळ कापड, दोन्ही रस्ते जवळपास सारखेच. शिवाय दोन्हीकडच्या हवेने एकदम पोचावं असा नियमच नाही. शीड हवेला वळवतं आणि हवा शिडाला उलट ढकलते, हे न्यूटनचं म्हणणंही तितकंच खरं. एकाच घटनेचे हे दोन हिशेब आहेत. आणि शिडाचं हे गणित बर्नोलीने स्वतः मांडलेलं नाही. त्याचं काम नळीतल्या पाण्याचं, त्याच्या समीकरणाला आजचं रूप ऑयलरने दिलं.

जहाजं मात्र त्याला सुटली नाहीत. 1757 मध्ये जहाजाचं डोलणं कमी कसं करावं यावर त्याने पुन्हा अकादमीचं बक्षीस मारलं. अशी एकूण दहा बक्षिसं. 1750 पासून बाझलमध्ये तो फिजिक्स शिकवत होता, प्रयोग करून दाखवायचा म्हणून त्याच्या तासाला गर्दी व्हायची. 17 मार्च 1782 ला त्याच गावात तो गेला.