झाडांवरून हवामान वाचणारे कोपेन

व्लादिमीर कोपेन यांचा जन्म १८४६चा, सेंट पीटर्सबर्गचा. शालेय शिक्षण मात्र दूर दक्षिणेला क्रिमियात झाले. या प्रवासात वाटेवरची झाडे बदलत जाताना पाहून हवामान आणि वनस्पती यांच्या नात्याचे त्यांना कुतूहल वाटू लागले. पुढे हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत काम करताना १९०० मध्ये त्यांनी वनस्पतींच्या आधारे जगाच्या हवामानाचे वर्ग पाडले. नुसता पाऊस मोजून भागत नाही, उष्णतेने किती पाणी उडून जाते तेही पाहावे लागते, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच लंडनपेक्षा जास्त पाऊस पडूनही सोलापूर त्यांच्या वर्गीकरणात निमशुष्क ठरते. कोपेन १९४० मध्ये गेले. पण सोलापूरच्या रानात ज्वारीच का टिकते, याचे उत्तर त्यांच्या वर्गीकरणात आजही सापडते.