मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

मराठी व्याकरणाचा विषय निघाला की दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव ओघाने येतेच. 'मराठीचे पाणिनी' हे बिरुद त्यांना लाभले. मात्र या बिरुदामागील काम किती अवघड होते, याची कल्पना अनेकांना नसते. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या भातशेतीचे एक साधे उदाहरण पुरेसे आहे.

तेथे पावसाळ्यापूर्वी पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. तिला राब म्हणतात. शेतकऱ्याने राब भाजला, भाकरी भाजली, वांगे भाजले. कर्ता एक, धातू एक, तरी रूपे तीन; कारण क्रियापद येथे कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. हेच रूप किंचित वाढून भाजलेला राब, भाजलेली भाकरी, भाजलेले वांगे असे विशेषण होते. शाळेची पायरी न चढलेला माणूसही यात चुकत नाही. परंतु हा नियम कागदावर मांडायचा कसा?

दादोबांचे घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. त्यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. पंतोजींच्या शाळेनंतर त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले. संस्कृत व फारसीचाही अभ्यास केला. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते, पण ते इंग्रजीत होते. मराठी मुलांना मराठीतून शिकवता येईल, असे व्याकरण हवे होते. १८३६ मध्ये, अवघ्या बावीस वर्षांच्या दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले.

शब्दांच्या आठ जाती त्यांनी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर घेतल्या. परंतु भाजला-भाजलीचा उलगडा त्या साच्यातून होणे शक्य नव्हते, कारण इंग्रजी क्रियापदाला कर्माच्या लिंगाचे सोयरसुतक नाही. तेथे संस्कृत परंपरेतील कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोगच कामी आले. यामागे इतिहास आहे. संस्कृतातील 'गत', 'कृत' यांसारखी धातूंपासून बनलेली विशेषणे प्राकृतातून येताना त्यांना 'ल'कार जोडला गेला आणि त्यांतूनच मराठीचा भूतकाळ घडला. म्हणजे आपले भूतकाळी क्रियापद मुळात विशेषणच! 'गेल्या वर्षी' या प्रयोगात त्याचे जुने रूप आजही टिकून आहे.

लॅटिनपासून निघालेल्या स्पॅनिश भाषेतही असाच दुहेरी संसार दिसतो. 'एस्क्रितो' म्हणजे लिहिलेला. 'आबेर' या सहायक क्रियापदाबरोबर काळ दाखवताना हे रूप बदलत नाही; पत्राचे विशेषण झाले की मात्र 'कार्ता एस्क्रिता' असे स्त्रीलिंगी होते. मराठीने लिंगवचनाचा मेळ दोन्ही ठिकाणी राखला : चिठ्ठी लिहिली, लिहिलेली चिठ्ठी.

दादोबांचे आयुष्य व्याकरणापुरते मर्यादित नव्हते. जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, सुरतेच्या शाळेचे मुख्याध्यापक, मुंबईत शिक्षक घडविणाऱ्या वर्गाचे प्रमुख आणि १८५२ पासून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर अशी पदे त्यांनी भूषविली. सरकारने त्यांना रावबहादूर केले. सुरतेत १८४४ मध्ये मानवधर्म सभा आणि मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. जातिभेद न मानणारे परमहंस सभासद गुप्तपणे एकत्र जमून जेवत. पुढे सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. बंधू आत्माराम पांडुरंग यांनी मात्र १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या रूपाने सुधारणेचा झेंडा उघडपणे हाती घेतला.

या साऱ्या धकाधकीत दादोबांनी व्याकरणाला अंतर दिले नाही. १८५० मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती, १८६५ मध्ये मुलांसाठी लघु व्याकरण आणि १८८१ मध्ये पूर्णिका निघाली. त्यांच्या मतांवर कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानांनी टीका केली. त्या वादांतूनच हे शास्त्र पुढे सरकले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा बृहद्ग्रंथ अवतरला. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले.

दादोबांनी नियमबद्ध केली ती शिष्टांची मराठी. ठाकर, वारली, कातकरी, आगरी यांच्या बोलींची नोंद भारतीय भाषा-पाहणीच्या १९०५ च्या मराठी खंडात झाली. शहापूर-मुरबाडची मुले यांपैकी कोणतीतरी बोली घरून घेऊन शाळेत येतात आणि पुष्कळदा अशुद्ध बोलतात म्हणून हिणवली जातात. संस्कृत आणि इंग्रजीपुढे मराठीलाही एके काळी असेच नियमहीन समजले जाई. तो समज खोटा ठरविण्यासाठी दादोबांनी जवळजवळ अर्धशतक वेचले; बोलींच्या वाट्याला तेवढे कष्ट अजून यायचे आहेत.