अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

महाडचे चवदार तळे, भारताचे संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा या गोष्टी आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. पण बाबासाहेब मुळात कोणत्या विषयाचे डॉक्टर, असे विचारले की मोठी माणसेही जरा थबकतात. कुणी म्हणतो, कायद्याचे. तर तसे नाही. परदेशात अभ्यास करून त्यांनी मिळवलेल्या दोन्ही डॉक्टरेट अर्थशास्त्राच्या. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही प्राध्यापक बाबासाहेबांविषयी चार शब्द लिहीत आहोत.

१९१२ साली बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास चाले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. त्या वेळी त्यांनी प्राचीन भारताच्या व्यापारावर प्रबंध लिहिला होता. विटाळाच्या नावाखाली ज्यांना बाजारात बाजूला उभे राहावे लागे, त्यांच्यातला एक तरुण देशादेशांतल्या व्यापाराचा इतिहास लिहीत होता, हे आपण ध्यानात घ्यावे. प्रो. सेलिग्मन हे त्यांचे गुरू. पुढचा त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता. तो १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला आणि त्यावर १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. मिळाली.

तेथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिल्या महायुद्धाचे ते दिवस. सामानासोबत पाठवलेली त्यांची पुस्तके बोटीसकट समुद्रात बुडाली. बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला जागा कोणी देईना. एवढा शिकलेला माणूस, पण जात आडवी आली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुरुवातीला पोरांना वाटले, हा महाराचा मास्तर आपल्याला काय शिकवणार? पण थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतली मुलेसुद्धा त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होतीच. बाबासाहेब परळच्या चाळीत काटकसरीने राहिले. रमाईंनी संसार कसा ओढला, ते त्यांनाच ठाऊक. साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

तिथे त्यांनी विषय घेतला रुपयाचा. हा विषय अवघड वाटतो, पण आपल्या घरखर्चाशी त्याचा थेट संबंध आहे, म्हणून सोपा करून सांगतो. तेव्हा इंग्लंडचा पौंड सोन्याचा आणि आपला रुपया चांदीचा. १८७३ नंतर चांदीचा भाव घसरत गेला आणि त्याबरोबर रुपयाही. एका पौंडाचे २० शिलिंग. रुपया २ शिलिंगचा असेल तर लंडनला एक पौंडाचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला इथे १० रुपये मिळायचे. तोच रुपया १ शिलिंग ४ पेन्सचा झाला की त्याच मालाचे १५ रुपये. व्यापारी खूश! निर्यात वाढली, देशाची भरभराट झाली, असे म्हणणारे पुष्कळ होते.

बाबासाहेबांनी विचारले, हे वरचे रुपये आले कुठून? रुपया स्वस्त झाला की बाजारात वस्तू महाग होतात. मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे कामगाराच्या ताटातली भाकर कमी होते आणि तीच निर्यातदाराच्या नफ्यात जाते. देश श्रीमंत होत नाही, एका वर्गाचा पैसा दुसऱ्याकडे सरकतो, एवढेच. पौंडाशी रुपयाचा दर स्थिर आहे की नाही यापेक्षा घरात रुपयाला काय मिळते, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. जॉन केन्स या नामवंत इंग्रज अर्थतज्ज्ञाने सरकारच्या चलनपद्धतीची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी त्याचे म्हणणे पुराव्यानिशी खोडून काढले. सरकारला हवे तेवढे रुपये पाडता येऊ नयेत, हा त्यांचा आग्रह होता.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला, पण परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो सुधारला आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. त्याच वर्षी तो ग्रंथ छापला गेला. प्रो. कॅनन यांना त्यातली काही मते पटली नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या दिवंगत आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांची साक्ष झाली. सोन्याच्या नाण्याची त्यांची योजना आयोगाने स्वीकारली नाही. मात्र देशाला मध्यवर्ती बँक हवी, अशी शिफारस या आयोगाने १९२६ मध्ये केली आणि १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँक सुरू झाली.

चळवळ वाढत गेली, तरी बाबासाहेबांनी शिकवणे सोडले नाही. १९२५ ते १९२८ ते हिशेबनिसांच्या एका शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवत. नंतर सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या आणि १ जूनला त्याच कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी हाती घेतले. काळजावर दगड ठेवून माणूस कामाला कसा लागतो, ते यातून दिसते.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज आणि १९५३ ला सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय. ज्या माणसाच्या पाण्याच्या भांड्यावरून एका वाणिज्य कॉलेजात कुरबुर झाली, त्याने आपल्या लेकरांसाठी स्वतःच वाणिज्य कॉलेज उभे केले.

आमचे वस्तीतल्या आयाबापांना एवढेच सांगणे आहे. जयंतीला आपण वर्गणी काढतो, ती जरूर काढावी. पण किराणा महाग झाला की नुसते नशिबाला बोल लावू नये. ही महागाई कुणाच्या फायद्याची, हे बाबासाहेबांसारखे विचारावे. आणि पोरगी कॉमर्सला किंवा अर्थशास्त्राला जाते म्हणाली, तर आपल्याला काय कळतंय त्यातलं, असे म्हणून तिला मागे ओढू नये. तो विषय आपल्या बापाचा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!