उंदराचा वाघ आणि विल्यम कॅरी
मनमाड (प्रतिनिधी)

ऋषी उंदराला मांजर, मग कुत्रा, शेवटी वाघ करतात. मूळ रूपाची लाज वाटून वाघ त्यांच्यावरच उलटतो आणि पुन्हा उंदीर होतो. ही कथा ज्या 'हितोपदेशा'तील, तो मराठीत प्रथम छापला गेला विल्यम कॅरी (१७६१-१८३४) यांच्यामुळे. इंग्लंडमध्ये जोडे शिवणारे कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागले. १८१२ मध्ये सेरामपूरच्या त्यांच्या छापखान्याला आग लागून खिळे व हस्तलिखिते भस्मसात झाली. तरीही १८१५ मध्ये पंडित वैजनाथ यांनी अनुवादिलेला 'हितोपदेश' तेथूनच प्रसिद्ध झाला. याच कथेवरील मार्शिया ब्राउन यांच्या १९६१ च्या चित्रपुस्तकाला अमेरिकेत कॅल्डेकॉट पदक मिळाले. कॅरींनी मात्र आपला मूळ व्यवसाय कधी लपविला नाही. कथेतील वाघाला तेवढेच जमले नव्हते.