मे डोनह्यू : गोगलगायीच्या खटल्याची गोष्ट



नागरिकशास्त्रात आपण हक्क आणि कर्तव्ये शिकवतो. पण आपल्या हलगर्जीपणामुळे अनोळखी माणसाचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते का? स्कॉटलंडमधल्या एका गरीब बाईंमुळे या प्रश्नाचं ठाम उत्तर मिळालं.

मे यांचा जन्म ४ जुलै १८९८ रोजी ग्लासगोजवळच्या कॅम्बसलँग येथे झाला. १९१६ मध्ये लग्न झालं. चार मुलांपैकी एकच जगलं. त्या दुकानात काम करत. पुढे नवऱ्यापासून वेगळ्या होऊन भावाकडे राहू लागल्या.

२६ ऑगस्ट १९२८ रोजी त्या मैत्रिणीबरोबर पेझ्ली गावातल्या कॅफेत गेल्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर घेतली. (नावात बिअर असली तरी हे आल्याच्या चवीचं थंड पेय!) बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडं पिऊन झालं आणि उरलेलं ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या आजारी पडल्या, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं.

आता अडचण बघा. पैसे मैत्रिणीने दिलेले. म्हणजे मेबाईंचा कॅफेवाल्याशी करार नाही आणि पेय बनवणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सन यांच्याशी तर नाहीच. करार नाही तर भरपाई नाही, अशी तेव्हाची समजूत. त्यांचे वकील वॉल्टर लीचमन नुकतेच अशाच एका खटल्यात हरले होते. त्यात बाटलीत उंदीर निघाला होता! तरीही त्यांनी ५०० पौंडांचा दावा लावला.

खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. अंगावरच्या कपड्यांशिवाय आपल्याकडे पाच पौंडही नाहीत, असं मेबाईंनी लिहून दिलं, तेव्हा गरीब पक्षकार म्हणून त्यांना सवलत मिळाली.

२६ मे १९३२ रोजी पाचपैकी तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड ॲटकिन यांचा विचार असा : आपल्या कामाचा परिणाम ज्याच्यावर होईल हे आधी ओळखता येतं, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी. त्याला इजा होऊ नये म्हणून योग्य काळजी घेणं आपलं कर्तव्य.

म्हणजे तीन गोष्टी बघायच्या : काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का? ते मोडलं का? आणि त्यामुळेच नुकसान झालं का?

गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. स्टीव्हन्सन त्याच वर्षी वारले आणि १९३४ मध्ये २०० पौंडांवर तडजोड झाली. मेबाई १९ मार्च १९५८ रोजी मनोरुग्णालयात वारल्या. पण त्यांच्या खटल्यातलं तत्त्व भारतीय न्यायालयांनीही स्वीकारलं. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याची वेगळी तरतूदच आहे.

वर्गात मुलांना एवढंच विचारा : व्हरांड्यात पाणी सांडलं, पुसलं नाही आणि दुसऱ्या वर्गातला मुलगा घसरून पडला. तो आपला शेजारी की नाही? मुलं काय उत्तरं देतात ते जरूर ऐका.