पेशानं शाळामास्तर असलेल्या रहीम साहेबांनी भारताला फुटबॉलमध्ये दोनदा एशियाडचं सोनं जिंकून दिलं

अजय देवगणचा 'मैदान' आला आणि सय्यद अब्दुल रहीम हे नाव अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. पण हा माणूस आपल्याच जुन्या राज्यातला. १९५६ पर्यंत औरंगाबादसह अख्खा मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता. रहीम त्याच हैदराबादचे.

१७ ऑगस्ट १९०९ चा त्यांचा जन्म. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याआधी औरंगाबादची कॉलेजंही याच उस्मानियाशी जोडलेली होती. कॉलेजात ते फुटबॉल खेळले, पुढे शाळेत मास्तर झाले. पण नाव झालं ते कोच म्हणून.

हैदराबाद सिटी पोलिसांची टीम त्यांच्या हाती आली आणि मुंबईचा रोव्हर्स कप जणू हैदराबादच्या मालकीचा झाला. १९५० ते १९५४, सलग पाच वर्षं!

त्यांची पद्धतही मास्तरकीचीच होती. खेळाडूचा एक पाय कच्चा असेल तर फक्त त्याच पायानं खेळायच्या स्पर्धा. बॉल पायात घोळवत बसायची सवय असेल तर ड्रिब्लिंगला बंदी असलेल्या स्पर्धा. जो विषय कच्चा, त्याचाच जास्त अभ्यास.

तेव्हा भारताची टीमही तेच सांभाळत होते. १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये इराणला १-० हरवून पहिलं सोनं आलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू तिथं अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून सेमीफायनल गाठली. मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं त्या मॅचमध्ये हॅटट्रिक केली. मेडल हुकलं, पण चौथा नंबर आला.

मग आलं १९६२ चं जकार्ता एशियाड. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियानं २-० हरवलं. त्यात तैवान आणि इस्रायलला वगळण्यावरून वाद पेटलेला, त्यामुळं स्टेडियम भारताच्या विरोधात. डिफेन्डर जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागलेला. रहीम यांनी त्याला बसवून न ठेवता थेट फॉरवर्डला खेळवलं. ४ सप्टेंबरच्या फायनलमध्ये समोर पुन्हा कोरिया. पी. के. बॅनर्जी आणि त्याच जर्नेलनं गोल केले. भारत २-१ नं जिंकला.

या विजयाला वर्षही झालं नव्हतं. ११ जून १९६३ रोजी कॅन्सरनं रहीम गेले. वय फक्त ५३.

त्यानंतर भारतीय फुटबॉल टीम ऑलिम्पिकला कधीच पात्र ठरली नाही आणि एशियाडचं सोनंही पुन्हा आलं नाही. मास्तर गेले आणि वर्गच सुटला, तो आजतागायत पुन्हा भरलेला नाही.