प्रा. मधु दंडवते : दुसऱ्या वर्गाचे रेल्वेमंत्री

महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या मराठी कुटुंबाला रेल्वेचा दुसरा वर्ग हे जणू दुसरे माहेरच. लग्नकार्य असो, गणपती असो वा वडिलधाऱ्यांचे आजारपण, एक-दोन रात्रींचा प्रवास ठरलेला. त्या रात्री एके काळी उघड्या लाकडी फळीवर काढाव्या लागत, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगावयास नको. वळकटी आणि फिरकीचा तांब्या घेतल्यावाचून कोणी घर सोडीत नसे. १९७४ मध्ये तिसरा वर्ग कागदोपत्री संपला आणि त्यालाच दुसरा वर्ग म्हणू लागले. फळी मात्र तीच राहिली. नाव बदलण्यास एक परिपत्रक पुरते, हे आम्ही सरकारी माणसे पुरते जाणून आहोत.

ती फळी ज्यांना खुपली, ते प्रा. मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. पदार्थविज्ञान हा त्यांचा विषय. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. बेचाळीसच्या आंदोलनाने त्यांना सार्वजनिक जीवनात ओढले, समाजवादी विचाराने तेथे स्थिर केले. १९५५ च्या गोवा मुक्तिसत्याग्रहात ते होते. बॅ. नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूर मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले, आणि पुढे आणखी चार वेळा तोच विश्वास दाखविला. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यास होत्या. पती-पत्नींचा संसार त्या काळात पत्रांवर चालला.

मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले व रेल्वेखाते या प्राध्यापकांकडे सोपविले गेले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचा निर्णय त्यांनी केला. खात्याशी संबंध आलेली माणसे आजही प्रथम त्याच निर्णयाची आठवण काढतात. प्रवाशाच्या पाठीला मात्र आठवते ती गादी. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानांतील फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचे त्यांनी ठरविले. लाखो फळ्यांचा हा खर्च रुळांवर वा इंजिनांवर का करू नये, असा आक्षेप कोणीही हिशेबनीस घेऊ शकला असता, आणि तो सर्वस्वी चुकीचाही ठरला नसता. परंतु प्रवास सुधारणे म्हणजे केवळ गाडी वेगाने नेणे नव्हे. जो सर्वांत कमी भाडे भरतो त्यालाही सकाळी ताठ पाठीने उतरता आले पाहिजे, ही दंडवत्यांची धारणा होती. वरच्या वर्गाला खाली ओढून समता आणावी असे त्यांना वाटत नसे. खालचा वर्ग वर उचलावा, हा त्यांचा मार्ग. समाजवादावर व्याख्याने पुष्कळ झाली. तो गादीच्या रूपाने घराघरांतील माणसांच्या अंगाखाली आला तो येथे, असे आमचे मत आहे.

२६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. लांब पल्ल्याची वेगवान गाडी, आणि तिला पहिला वर्गच नाही! नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर येथील मराठी मंडळींना ही गाडी किती जवळची वाटली असेल, हे निराळे सांगावयास नको. पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले. जुलै १९७९ मध्ये सरकार गेले आणि दंडवत्यांचे मंत्रिपदही गेले. गाद्यांचे काम मात्र चालू राहिले आणि पुढील दशकात उघडी फळी लांबच्या गाड्यांतून दिसेनाशी झाली.

कोकणात रेल्वे यावी हे नाथ पैंचे स्वप्न त्यांनी आपले मानले होते. आपटा-रोहा हा तुकडा १९८६ मध्ये पुरा झाला. त्यापुढे मात्र डोंगर, नद्या आणि पैशांची चणचण. योगायोग असा, की डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले आणि रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आले. अंदाजपत्रकातून दरवर्षी थोडा निधी मागत बसण्याऐवजी केंद्र आणि चार राज्यांनी भांडवल घालावे, उरलेला पैसा रोख्यांतून उभारावा, अशी योजना झाली व १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पराभूत केले. त्यांनी त्या कटुतेचे भांडवल केले नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला.

त्या मार्गावर गाड्यांची दाटी वाढत गेली आहे. २०२१ मध्ये रोहा-वीर हा भाग दुहेरी झाला, २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले. पण उरलेला बहुतेक मार्ग एकेरीच असल्याने गणपतीच्या दिवसांत समोरून येणाऱ्या गाडीसाठी लहानशा स्थानकावर तिष्ठत बसणे चाकरमान्यांना चुकलेले नाही. पुण्या-मुंबईच्या घाटात इंजिनाची वाट पाहणारे आम्ही, तेवढे सोसतोच.

प्रमिलाताई २००१ च्या अखेरीस गेल्या. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत दंडवत्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय शिक्षणासाठी जे. जे. रुग्णालयास देण्यात आला.